पाव चमचा पावडर आणि बर्फाचा मात्स्यन्याय

घरी आइस्क्रीम करणाऱ्यांना सीएमसी पावडर नवी नाही. केकचं सामान मिळतं त्या दुकानात जीएमएसच्या डबीशेजारी तिची डबी असते आणि कृती सांगणारे दोन्ही नावं एका दमात घेतात: लिटरभर दुधाला चमचा-दोन चमचे जीएमएस, पाव चमचा सीएमसी. जीएमएसचं काम लगेच दिसतं. दुधातली स्निग्धता आणि फेटताना शिरलेली हवा यांचा मेळ तिच्यामुळे बसतो, मिश्रण फुलून येतं. सीएमसीचं काम मात्र त्या दिवशी दिसतच नाही. आठवड्याने डबा उघडला, आइस्क्रीम मऊ निघालं, जिभेवर बर्फ कचकचला नाही, की समजायचं तिने आपलं काम केलं.

पाव चमचा म्हणजे साधारण एक ग्रॅम. हजार भाग दुधात एक भाग. एवढ्याशा पावडरीने बर्फासारख्या हट्टी पदार्थाला दिवसचे दिवस रोखून धरावं, हे वाचून पुढे जाण्यासारखं नाही. त्यात ही पावडर म्हणजे मुळात कापूस किंवा लाकूड. रसायनशास्त्राने त्यात एक छोटासा बदल केलेला, इतकंच. तो बदल काय आहे आणि बर्फाला तो कसा भारी पडतो, हे समजून घ्यायला आधी डब्यातल्या बर्फाकडे जायला हवं.

गोठलेली वस्तू स्थिर असते, असं आपण धरून चालतो. आइस्क्रीम तसं नसतं. घरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांना, त्यातलं साधारण तीन-चतुर्थांश पाणीच बर्फ झालेलं असतं. उरलेलं पाणी द्रवच राहतं. कारण बर्फ फार निवडक आहे. स्फटिक बनताना तो फक्त पाण्याचे रेणू घेतो, साखर, क्षार आणि दुधातली प्रथिनं बाहेर ढकलतो. जसजसं पाणी बर्फात जातं तसतसा उरलेला पाक घट्ट होत जातो, आणि पाक जितका घट्ट तितका त्याचा गोठणबिंदू खाली. हा पाक पूर्ण थिजून काचेसारख्या अवस्थेत जायला तापमान उणे 32 अंशांच्या आसपास न्यावं लागतं. घरचा फ्रीझर तिथवर पोचत नाही. म्हणजे आपल्या डब्यात आठही दिवस बर्फाचे अब्जावधी कण दाट पाकात बुडालेले असतात आणि पाण्याचे रेणू एका कणावरून सुटून दुसऱ्यावर बसू शकतात. बसतातही.

या ये-जा करण्यात न्याय मात्र नसतो. लहान कणाचा पृष्ठभाग जास्त वळलेला असतो. वळणावरच्या रेणूला धरून ठेवणारे शेजारी कमी, म्हणून तो सहज सुटतो. मोठ्या कणाचा पृष्ठभाग त्यामानाने सपाट, तिथे बसलेला रेणू टिकतो. परिणामी लहान कणाचा वितळणबिंदू मोठ्या कणापेक्षा किंचित खाली असतो. किती किंचित? 10 मायक्रोमीटर त्रिज्येच्या बर्फकणासाठी हा फरक एका अंशाचा जेमतेम दोनशेवा भाग आहे. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) कुठल्याही घरगुती तापमापकावर तो दिसणार नाही. पण बर्फाला तेवढा पुरतो. लहान कण झिजत जातात, मोठे त्यांचं पाणी घेऊन आणखी मोठे होतात. निखळ मात्स्यन्याय आहे हा, आणि तो बंद फ्रीझरच्या अंधारात अखंड चाललेला असतो. विज्ञानात या झिजण्या-वाढण्याला विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे.

हिशेब करून पाहिला की याचं गांभीर्य कळतं. चांगल्या आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण 30 ते 50 मायक्रोमीटरचे असतात. त्याहून मोठे झाले की जिभेला ते वेगळे जाणवू लागतात, आणि आपण म्हणतो, बर्फ झाला. आता समजा, सरासरी व्यास 35 वरून 70 मायक्रोमीटरवर गेला. व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. एकूण बर्फ तितकाच असेल, तर प्रत्येक आठ कणांपैकी सात नाहीसे झालेले असतात. डब्याचं वजन बदललेलं नाही, गोडी बदललेली नाही, दुधाचा एक थेंब कमी झालेला नाही. फक्त आतली सात-अष्टमांश वस्ती उठून गेलेली असते.

फ्रिजचं दार उघडणं-मिटणं, वीज जाणं, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजने अधूनमधून स्वतःला गरम करून घेणं, या सगळ्याने ही प्रक्रिया फार वेगवान होते. तापमान चार अंश वर गेलं की थोडा बर्फ वितळतो, आणि त्यात सगळ्यांत बारीक कण आधी जातात. तापमान खाली आलं की ते पाणी पुन्हा गोठतं, पण नवा कण सुरू करण्यापेक्षा असलेल्या मोठ्या कणावर बसणं त्याला सोपं पडतं. प्रत्येक हेलकाव्यागणिक गणती घटते. लाकडी बादलीत बर्फ-मीठ घालून, दांडा फिरवून केलेल्या पॉटच्या आइस्क्रीमला सीएमसी कधी लागली नाही, त्याचं कारण हेच. ते त्याच दुपारी संपायचं. बर्फाला मोठं व्हायला वेळच मिळायचा नाही.

आता त्या पावडरीकडे. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये कापसातून रुई वेगळी होते आणि सरकी उरते. सरकीवर आखूड, मऊ तंतूंची लव चिकटून राहिलेली असते. सूत कातायला ती निरुपयोगी, पण इतकं शुद्ध सेल्युलोज निसर्गात क्वचित सापडतं. उत्तम प्रतीची सीएमसी या लवेपासून करतात, बाकीची लाकडाच्या लगद्यापासून.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. अशा साखरेच्या साखळ्यांना पॉलिसॅकराइड म्हणतात. बटाट्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्यातले दुवे अशा कोनात जोडलेले असतात की साखळी वळत, गुंडाळत जाते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचं ग्लुकोज मागच्याच्या उलट्या अंगाने बसतं, म्हणून साखळी सरळ आणि चपटी राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना लागून आडव्या पडतात, शेजारच्या साखळीशी हायड्रोजन बंधांनी जखडून जातात, आणि मध्ये पाण्याला शिरायला फट उरत नाही. गंमत अशी की प्रत्येक ग्लुकोजवर पाण्याशी मैत्री करणारे तीन हायड्रॉक्सिल गट आहेत. सगळी साखळी पाण्याची ओढ असलेल्या गटांनी भरलेली आहे, पण ते गट आपसातच गुंतलेले. म्हणून सदरा पावसात भिजतो, विरघळत नाही.

रसायनशास्त्रज्ञ ही मिठी सोडवतो. लवेवर कॉस्टिक सोड्याचं द्रावण टाकलं की तंतू फुगतात, साखळ्या दूर सरकतात आणि हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. मग त्यांच्यावर मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिडची क्रिया होते. काही हायड्रॉक्सिल गटांच्या जागी आता एक छोटी शेपटी येते: एक कार्बन, त्यापुढे ॲसिडचा गट, आणि त्याच्या ऋण विद्युतभाराला सोबत म्हणून एक सोडियम. उपउत्पादन म्हणून निघतं ते चक्क मीठ आणि थोडं सोडियम ग्लायकोलेट. अल्कोहोलमिश्रित पाण्याने ते धुऊन टाकतात. उरतं ते कार्बॉक्झिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी. 1918 साली जर्मनीत ते पहिल्यांदा तयार झालं.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते प्रमाण. एका ग्लुकोजवर तीन जागा आहेत, पण तिन्ही भराव्या लागत नाहीत. आइस्क्रीमसाठी वापरतात त्या सीएमसीत सरासरी दहा ग्लुकोजमागे सात ते नऊ शेपट्या असतात. एका ग्लुकोजला सरासरी एकसुद्धा नाही. तेवढ्यावर कापूस पाण्यात विरघळू लागतो. कारण या शेपट्या सगळ्या एकाच प्रकारच्या भाराच्या, त्या एकमेकींना दूर लोटतात. साखळ्या पुन्हा जवळ येऊन जखडल्या जाऊ शकत नाहीत. उलट प्रत्येक साखळी ताणून, पसरून राहते आणि आपल्याभोवती पुष्कळ पाणी अडवून ठेवते. चिमूटभर सीएमसी पेलाभर पाण्यात घोळली की पाणी घट्टसर होतं ते यामुळेच. (घोळायची ती साखरेत मिसळून. नुसती टाकली तर गुठळ्या होतात. बाहेरचा थर पाणी पिऊन इतका दाट होतो की आतल्या कोरड्या पावडरीपर्यंत पाणी पोचतच नाही.)

बाजारातल्या आइस्क्रीमच्या वेष्टनावर बारीक अक्षरात स्टॅबिलायझर म्हणून काही आकडे असतात. 466 म्हणजे आपली सीएमसी. 412 म्हणजे ग्वार गम, आपल्या भाजीतल्या गवारीच्याच बियांपासून काढलेला, ज्याचं जगातलं सर्वांत मोठं पीक भारतात, मुख्यतः राजस्थानात येतं. 410 हा भूमध्य समुद्राकाठच्या कॅरब झाडाच्या बियांचा डिंक. 407 म्हणजे समुद्री शेवाळातलं कॅराजीनन. सगळीच पॉलिसॅकराइडं. कॅराजीननच्या साखळीवर सल्फेटचे गट असतात, आणि ते कुणा कारखान्याने नव्हे, शेवाळाने स्वतःच जोडलेले असतात. सीएमसी आणि ते बऱ्याचदा जोडीने येतात. कारण सीएमसीच्या साखळ्यांचं दुधातल्या केसिन या प्रथिनाशी पटत नाही. मिश्रण ठेवून दिलं तर पाणी सुटून वेगळं होऊ शकतं. अगदी थोडं कॅराजीनन घातलं की ते सावरतं.

इथे एक कबुली द्यायला हवी, शास्त्राच्या वतीने. सीएमसी आपल्याला पचत नाही, आतड्यातून तशीच पुढे जाते, म्हणून ती निरुपद्रवी, असं फार काळ मानलं गेलं. अलीकडे आतड्यातल्या जिवाणूंवर तिचा काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू झाला आहे. निरोगी माणसांना 11 दिवस रोज 15 ग्रॅम सीएमसी दिलेल्या एका छोट्या प्रयोगात हे जिवाणू बदललेले दिसले. घरच्या लिटरभर आइस्क्रीममध्ये ती एकच ग्रॅम असते आणि ते दहा जण खातात, हे लक्षात ठेवून वाचायची ही बातमी आहे. पण ती दडवून ठेवण्यासारखीही नाही.

तर, ही साखळी बर्फाला कशी अडवते? सरळ उत्तर सुचतं ते असं: पाक दाट झाला, पाण्याच्या रेणूंची वाट बिकट झाली, म्हणून एका कणावरून दुसऱ्या कणावर जाणं मंदावलं. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. संशोधकांनी वेगवेगळे डिंक घेऊन द्रावणाचा दाटपणा मोजला, बर्फाची वाढ मोजली, आणि दोन्ही आकड्यांचा मेळ बसेना. दाटपणा जास्त असलेला डिंक बर्फाला जास्त अडवतोच असं नाही. कॅरबचा डिंक गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत जाळीदार जेल बनवतो, तेव्हा ती जाळी बर्फाला कोंडत असेल असं म्हणावं, तर जेल न बनवणारे डिंकही काम करतात. बर्फ वाढताना साखर आणि साखळ्या दोन्हींना पुढे ढकलतो. त्यामुळे कणांमधल्या अरुंद जागेत साखळ्यांचं प्रमाण मूळच्या कितीतरी पट होतं आणि तिथे त्या कशा वागतात हे बाटलीतल्या पातळ द्रावणावरून सांगता येत नाही. सीएमसीच्या बाबतीत हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. रोज टनावारी वापरल्या जाणाऱ्या पदार्थाच्या कामाची रीत अजून उलगडायची आहे, हे मला या विषयाचं मोठं आकर्षण वाटतं.

एक रीत मात्र पक्की कळलेली आहे, आणि ती आइस्क्रीमच्या कारखान्यात नव्हे, अंटार्क्टिकाच्या समुद्रात सापडली. मॅकमर्डो साउंडमधलं पाणी वर्षभर उणे 1.9 अंशांच्या आसपास असतं. समुद्री माशाचं रक्त साधारण उणे 0.7 ते 0.8 अंशांना गोठायला हवं. तरी तिथे मासे बर्फाच्या छताखाली मजेत पोहत असतात. आर्थर डीव्रीज या तरुण संशोधकाने 1960 च्या दशकात तिथे राहून त्यांच्या रक्ताचा पिच्छा पुरवला आणि 1969 साली डोनाल्ड वोलश्लाग यांच्यासोबत उत्तर प्रसिद्ध केलं. रक्तात एक विशेष प्रथिन होतं. त्यात तीन अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो, आणि प्रत्येक तुकड्यावर दोन साखरा जोडलेल्या असतात. प्रथिनाच्या कण्यावर साखरेची रांगच म्हणायची. रेणूंच्या संख्येच्या मानाने मीठ जेवढा गोठणबिंदू उतरवेल, त्याच्या शेकडो पटींनी हे प्रथिन उतरवतं. त्याहून नवल म्हणजे त्याने बर्फाचा वितळणबिंदू जवळपास हलत नाही. गोठण्याचं आणि वितळण्याचं तापमान एकमेकांपासून फुटून वेगळं होतं.

हे कसं, ते जेम्स रेमंड आणि डीव्रीज यांनी 1977 मध्ये मांडलं, आणि मला वाटतं विज्ञानातल्या अतिशय देखण्या स्पष्टीकरणांत ते मोडतं. प्रथिनाचे रेणू बर्फाच्या पृष्ठभागावर इथे-तिथे घट्ट बसतात. बर्फाला वाढायचं असेल तर त्यांच्या मधल्या फटींतून फुगून बाहेर यावं लागतं. फुगला की तो वळला. आणि वळलेल्या बर्फाचा गोठणबिंदू खाली असतो, हे आपण वर पाहिलंच. आइस्क्रीममधल्या 10 मायक्रोमीटरच्या कणासाठी तो फरक अंशाचा दोनशेवा भाग होता. फुगवट्याची त्रिज्या 50 नॅनोमीटरवर आणा, म्हणजे दोनशेपट लहान करा, की तोच फरक एका अंशावर जातो. अंटार्क्टिकाच्या माशाला तेवढाच हवा असतो. ज्या नियमामुळे डब्यात मोठे कण लहान कणांना संपवतात, नेमका तोच नियम मासा बर्फावर उलटवतो. नवं बळ नाही, नवी ऊर्जा नाही. या माशांच्या शरीरात बर्फाचे बारीक कण खरोखर असतात. ते मरत नाहीत ते बर्फ नसल्यामुळे नव्हे, तर असलेला बर्फ वाढू शकत नाही म्हणून.

माशाची ही युक्ती आइस्क्रीमपर्यंत पोचलीही. ओशन पाउट नावाच्या थंड समुद्रातल्या माशाचं प्रथिन, जनुक बदललेल्या यीस्टकडून करवून घेऊन, युनिलिव्हरने वापरात आणलं. 2009 मध्ये युरोपीय संघाने त्याला परवानगी दिली. पण प्रथिनं बनवायला महाग आणि जपायला नाजूक. साखरेच्या साखळ्या स्वस्त आणि काटक. म्हणून प्रश्न असा उरला की हे काम नुसती साखर करू शकेल का?

त्याचं उत्तर अलास्कातल्या एका काळ्या भुंगेऱ्याने दिलं. उपिस सेराम्बॉइडिस असं त्याचं शास्त्रीय नाव. हिवाळ्यात तो मेलेल्या झाडांच्या सालीखाली राहतो आणि चक्क गोठतो. शरीरातल्या पेशींच्या बाहेरचं पाणी बर्फ होऊ देतो, आतलं होऊ देत नाही, आणि उणे 60 अंशांपर्यंतच्या थंडीतून वसंतात चालत बाहेर येतो. केंट वॉल्टर्स, जॅक ड्युमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुंगेऱ्यातला गोठणरोधक पदार्थ वेगळा केला. 2009 साली त्यांनी जे जाहीर केलं त्याची कुणी अपेक्षा केली नव्हती. त्यात प्रथिन जवळपास नव्हतंच. होती ती मॅनोज आणि झायलोज या दोन साखरांची साखळी, जिला स्निग्धाम्लाची जोड होती. गोठण्याचं आणि वितळण्याचं तापमान तिने 3.7 अंशांनी वेगळं केलं. मॅनोज आणि झायलोज या काही दुर्मीळ साखरा नव्हेत. ज्या लाकडाच्या सालीखाली हा भुंगेरा झोपतो, त्या लाकडाच्या पेशीभित्तिकेतही त्या असतात. साधी साखर, पण तिला स्निग्ध शेपूट. बहुधा त्या शेपटीने ही साखळी पेशीच्या पटलाला धरून राहते आणि बाहेरच्या बर्फाला आत शिरू देत नाही, असा संशोधकांचा तर्क आहे.

माशाने प्रथिनावर साखर लावली, भुंगेऱ्याने साखरेवर स्निग्धाम्ल लावलं, आपण सरकीच्या लवेवर ॲसिडचा गट लावला. बर्फाला अडवायचं तर साखरेला काहीतरी जोडावं लागतं की काय, असा संशय इथे येतो. तो पूर्ण खरा नाही, पण त्याचा माग काढताना प्रयोगशाळांनी शेकडो जोडण्या करून पाहिल्या आहेत. आणि जोडणी फळली की नाही हे पाहण्याची पद्धत इतकी साधी आणि सुंदर आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चार्ल्स नाइट, जॉन हॅलेट आणि डीव्रीज यांनी ती 1988 मध्ये मांडली. द्रावणाचा एक थेंब दीड-दोन मीटर उंचीवरून कोरड्या बर्फाने थंड केलेल्या, उणे 78 अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर सोडायचा. थेंब आदळतो आणि पसरता पसरताच गोठतो. पातळ चकती तयार होते, आणि गोठणं इतकं झटपट झालेलं असतं की तिच्यातले स्फटिक अतिशय बारीक असतात. मग ती चकती उणे 6-8 अंशांना ठेवायची, अर्धा तास थांबायचं, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बर्फाचा प्रत्येक स्फटिक ज्या दिशेने उभा असेल त्यानुसार वेगळा उजळतो. साध्या द्रावणात अर्ध्या तासात मोठमोठे रंगीत तुकडे दिसू लागतात. लहान कण केव्हाच संपलेले असतात. द्रावणात दमदार रोधक असेल तर चकती आधी होती तशीच राहते, बारीक, करडी, दाणेदार. डोळ्यांनी पाहून निकाल सांगता येतो.

या कसोटीवर अलीकडे उतरलेला पदार्थ आपल्याला पुन्हा सेल्युलोजकडे आणतो. सेल्युलोजच्या तंतूंचे सगळे दुवे विरघळवून टाकण्याऐवजी फक्त ढिले भाग काढून टाकले, तर आतले घट्ट, सुईच्या आकाराचे स्फटिक हाती लागतात. रुंदी काही नॅनोमीटर, लांबी शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या घरात. ते पाण्यात एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर भारित गट बसवावे लागतात, कधी सल्फेट, कधी टोकियो विद्यापीठाच्या अकिरा इसोगाई यांच्या चमूने रुळवलेल्या ऑक्सिडीकरणाच्या पद्धतीने कार्बॉक्सिल. म्हणजे रासायनिक बदल इथेही आहे, पण सीएमसीत जो साखळीभर असतो तो इथे फक्त बाहेरच्या त्वचेवर. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातल्या ताओ वू आणि सहकाऱ्यांनी असे स्फटिक साखरेच्या पाकात घालून बर्फाची वाढ पाहिली. सुरुवातीला त्यांचा परिणाम फारसा दिसला नाही. काही तास गेल्यावर मात्र बर्फाच्या कणांची वाढ थांबली, आणि ते 25 मायक्रोमीटरच्या आसपास राहिले. या स्फटिकाची एक बाजू पाण्याकडे ओढ घेणारी, दुसरी तितकी नाही. त्यामुळे तो बर्फाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. माशाच्या प्रथिनाची जागा कापसाच्या सुईने घेतली.

आइस्क्रीम मऊ राहावं यासाठी एवढं सगळं, असं कुणाला वाटेल. मला ते कमी वाटत नाही. पण याच प्रश्नाचं दुसरं टोक रक्तपेढीत आहे. मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये एका रक्तगटाची नोंद केली, ज्याला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. भारतात दहा हजारांत एखाद्याचा तो असतो. आणि त्याचं मूळही साखरेत आहे: इतर सर्वांच्या तांबड्या पेशींवरच्या साखरेच्या साखळीला फ्युकोज नावाची जी एक साखर जोडलेली असते, ती या व्यक्तींच्या पेशींवर नसते. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. शीतकपाटात तांबड्या पेशी साधारण सहा आठवडे टिकतात. अशा दुर्मीळ रक्ताचा साठा वर्षानुवर्षं ठेवायचा तर ते गोठवावं लागतं. नुसतं गोठवलं तर बर्फ पेशी फोडतो, आणि गोठताना वाचलेल्या पेशीही वितळताना मरतात, कारण तापमान वर येत असताना बारीक बर्फकण मोठे होतात. तोच मात्स्यन्याय.

म्हणून पेशींत 40 टक्के ग्लिसरॉल घालून त्या उणे 65 अंशांखाली ठेवतात. उपाय खात्रीचा आहे, पण रक्त रुग्णाला देण्याआधी ते सगळं ग्लिसरॉल टप्प्याटप्प्याने धुऊन काढावं लागतं. नाहीतर पेशी शरीरात गेल्यावर पाणी शोषून फुटतील. या धुण्यात तास-दीड तास सहज जातो. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात रॉबर्ट बेन यांच्या गटाने साखळ्या सोडून एकेका साखरेलाच छोटे गट जोडून पाहिले, आणि त्यातल्या काही जोडण्या बर्फकणांची वाढ रोखण्यात पटाईत निघाल्या. 2015 मध्ये त्यांनी आणि एडमंटनच्या जेसन ॲकर यांनी दाखवलं की अशी बदललेली साखर सोबत असेल तर मानवी तांबड्या पेशी 40 ऐवजी 15 टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून वाचवता येतात. ग्लिसरॉल जितकं कमी, तितकं धुणं कमी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्ताची वाट पाहणाऱ्या बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी पहिला हिशेब त्या तास-दीड तासाचाच असतो.